‘ऐंशी टक्के लागतात’ असं कुणी सांगितलं? : दिव्यांगांच्या मदतीचे नियम आणि खात्रीचा सल्ला

गेल्या वर्षावासात आरोग्य पानाच्या कामासाठी आम्ही महाबळेश्वरला होतो. बाहेर धुकं आणि पाऊस, आत विहारात ग्रंथवाचन. वाचन संपलं, सरणत्तय झालं, चहा आला. मग नेहमीप्रमाणे आम्ही विचारलं, ‘कुणाला दवाखान्याचं, औषधाचं, कागदाचं काही विचारायचंय का?’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आक्कांनी पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत घडी घालून ठेवलेलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र होतं. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक, प्रमाणपत्रावर ५६ टक्के. तारीख २०१९ सालच्या डिसेंबरची.

आम्ही विचारलं, ‘आक्का, पगार चालू आहे ना?’

वस्तीत ‘पगार’ म्हणजे संजय गांधी योजनेचे पैसे. आक्का म्हणाल्या, ‘न्हाई. मला बसत न्हाई ते. ऐंशी टक्के लागत्यात म्हनं.’

कुणी सांगितलं, ते त्यांना नीट आठवेना. सहा वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या दारात कुणीतरी सांगितलं, घरी येऊन शेजारणीला विचारलं तर तीही तेच म्हणाली. मग प्रमाणपत्र पिशवीत गेलं आणि आक्का पुन्हा स्ट्रॉबेरीच्या रानात. लावणीला वाकता येत नाही म्हणून पॅकिंगला बसायचं, ते काम हंगामापुरतं. घरात त्या आणि म्हातारी आई.

परत येताना आम्ही हिशेब केला. जानेवारी २०२० पासून जून २०२३ पर्यंत या योजनेत महिन्याला १००० रुपये मिळत होते. ते झाले ४२ महिन्यांचे ४२,००० रुपये. जुलै २०२३ पासून रक्कम १५०० झाली. सप्टेंबर २०२५ पर्यंत २७ महिने, म्हणजे ४०,५०० रुपये. दोन्ही मिळून ८२,५०० रुपये. एका चुकीच्या वाक्यापायी एवढे पैसे घरात आले नाहीत. आणि ते आता मागून मिळत नाहीत. योजनेचा लाभ अर्ज मंजूर झाल्यापासून सुरू होतो, प्रमाणपत्राच्या तारखेपासून नाही.

हा लेख आक्कांसाठी आहे आणि ज्यांच्या घरात अशी पिशवी आहे त्या सगळ्यांसाठी आहे.

चूक कुठे झाली?

ज्याने आक्कांना ८० टक्के सांगितलं तो खोटं बोलत होता, असं आम्ही म्हणणार नाही. ८० टक्क्यांचा नियम आहेच, पण तो दुसऱ्या योजनेचा आहे.

महाराष्ट्रात दिव्यांगांना दरमहा मदत देणाऱ्या मुख्य दोन योजना आहेत. त्यांची नावं नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो.

पहिली, केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना. हिच्यात दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असावं लागतं आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावं लागतं. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. त्यावर राज्य सरकार आपली भर घालतं.

दुसरी, राज्य सरकारची संजय गांधी निराधार अनुदान योजना. हिच्यात दिव्यांगांसाठी अट ४० टक्क्यांची आहे, ८० ची नाही. वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य, आणि दिव्यांग असल्यास कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. आक्का या दुसऱ्या योजनेत बसत होत्या, पहिल्या दिवसापासून.

दोन्ही योजनांचं काम तहसील कार्यालयातल्या एकाच शाखेत चालतं, म्हणून दोन्हीचे नियम लोकांच्या तोंडी एकमेकांत मिसळतात. सांगणारा माणूस चांगला असतो, सल्ला मात्र अर्धा असतो. माणूस ओळखीचा आहे, आपल्या समाजाचा आहे, कार्यालयात उठबस असलेला आहे, एवढ्यावर सल्ला खात्रीचा ठरत नाही. तथागतांनी कालामांना हेच सांगितलं होतं. ऐकीव आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून धरून बसू नका, स्वतः पारखून घ्या. नियमाच्या बाबतीत पारखणं म्हणजे तो कुठे लिहिला आहे हे पाहणं.

आज किती मिळतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी आणि श्रावणबाळ या योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम १००० रुपयांनी वाढवली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २५०० रुपये. ही वाढ दिव्यांगांसाठी आहे. विधवा, निराधार म्हणून ज्यांना लाभ मिळतो त्यांना ती लागू नाही.

यातून एक गोष्ट निघते. एखादी भगिनी विधवा म्हणून योजनेत आहे, पण ती ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगही आहे, आणि कार्यालयात तिची नोंद फक्त ‘विधवा’ अशी आहे. अशा भगिनीने आपलं दिव्यांग प्रमाणपत्र शाखेत दाखवून, आपली नोंद दिव्यांग म्हणून व्हावी असा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आमच्या पाहणीत अशा दोन भगिनी एकाच वस्तीत निघाल्या.

लाडक्या बहिणीच्या योजनेबद्दल सगळीकडे विचारतात. ‘दोन्ही घेतले तर चालतं का?’ नाही. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील तर त्या योजनेत बसत नाही, अशी तिची अटच आहे. दोन्हीकडे नाव असेल तर एक सोडावं लागतं. दिव्यांग भगिनीला २५०० चा लाभ जास्त आहे, हे ध्यानात ठेवा.

६५ वर्षांनंतर काय, हेही विचारतात. त्या वयानंतर श्रावणबाळ योजना आहे. दिव्यांगांना तिथेही वाढीव रक्कम आहे.

टक्के म्हणजे नक्की काय?

आमच्याकडे सगळ्यात जास्त दुःख या प्रश्नापायी येतं. हॉटेलात भांडी घासणारे एक दादा म्हणाले, ‘माझा एक डोळा गेला, मला काम होत नाही, तरी डॉक्टरांनी ३० टक्केच लिहिलं. पैसे दिले नाहीत म्हणून कमी लिहिलं असणार.’

तसं नाही. टक्के डॉक्टर मनाने लिहीत नाहीत. केंद्र सरकारने ठरवून दिलेली मोजण्याची पद्धत आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर त्या पद्धतीत ३० टक्केच बसतात. कानाचंही तसंच. एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसरा चांगला असेल तर ते श्रवणदोषात धरत नाहीत. दोन्ही कानांचं मोजमाप कायद्यात दिलेल्या पातळीला आलं पाहिजे. टक्के हे शरीराच्या किंवा मनाच्या दोषाचं माप आहे, माणसाला कष्ट किती पडतात त्याचं नाही. घोड्यामागे पळणाऱ्या माणसाचा पाय आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचा पाय सारखाच मोजला जातो. यात अन्याय आहे, असं आम्हालाही वाटतं. पण आजचा नियम हा आहे, आणि तो माहीत असला तर माणूस एजंटाच्या हातात सापडत नाही.

त्या दादांना आम्ही खरं सांगितलं. दिव्यांग म्हणून संजय गांधी योजनेत तुम्ही बसत नाही. त्यांना वाईट वाटलं. पण ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एकाला ते दुसऱ्या दिवशी ४००० रुपये देणार होते, ते वाचले. खात्रीचा सल्ला म्हणजे नेहमी ‘हो’ नसतं. वेळेवर मिळालेलं ‘नाही’ हाही चांगला सल्ला असतो.

आणि हे ठासून सांगतो. खोटं प्रमाणपत्र करून लाभ घेणं हा गुन्हा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. एजंट पैसे घेऊन निघून जातो, सही-अंगठा आपला असतो.

एकवीस प्रकार : आपल्या घरातलं माणूस यात आहे का?

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. पण वस्तीत अजून ‘अपंग म्हणजे काठी किंवा कुबडी’ असंच समजतात.

या एकवीसमध्ये अंधत्व आणि दृष्टी फार कमी असणं, बहिरेपण, कमी ऐकू येणं, बोलण्याचा दोष, हातापायाचं अपंगत्व, कुष्ठरोगातून बरं झालेली व्यक्ती, बुटकेपणा, सेरेब्रल पाल्सी, स्नायू झिजत जाण्याचा आजार, अॅसिड हल्ल्यातून वाचलेली व्यक्ती आहेत. शिवाय बौद्धिक दिव्यांगत्व, मुलांना वाचण्या-लिहिण्यात येणारी विशिष्ट अडचण, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स हेही आहेत. आणि रक्ताचे तीन आजार आहेत : हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल. शेवटचा प्रकार एकाहून जास्त दिव्यांगत्वं असलेल्यांचा.

सिकलसेलचं नाव वाचून विदर्भातले आमचे वाचक सावध होतील. तिकडे आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. सातारा-सांगलीत कामाला आलेल्या किंवा लग्न होऊन आलेल्या विदर्भातल्या मुलीही आहेत. पोरगी सारखी थकते, सांधे दुखतात म्हणून घरात बोलणी खाते, पण तपासणी झालेली नसते. आजार निघाला तर औषधोपचार तर हवेतच, शिवाय प्रमाणपत्राचा हक्कही आहे, हे घरच्यांना कळायला हवं.

मानसिक आजाराचंही तसंच. घरात एखादा भाऊ दहा वर्षं खोलीत बसून असतो, लोक काय म्हणतील म्हणून दवाखान्यात नेत नाहीत. त्याचा आजारही या यादीत आहे. आधी उपचार सुरू करा. प्रमाणपत्र उपचारांच्या कागदांवरूनच पुढे जातं.

यादीत नाव नसलं म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. संजय गांधी योजनेत क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात अशा दुर्धर आजारांमुळे ज्यांना कमावता येत नाही, त्यांचाही समावेश आहे. त्यांची उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपये वार्षिक आहे. दिव्यांगांची ५०,००० ची मर्यादा त्यांना लागू नाही. हाही फरक कायम गोंधळात टाकतो.

प्रमाणपत्राची वाट

आता प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ‘यूडीआयडी’ नावाच्या एकाच व्यवस्थेतून मिळतं. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचा देशभर चालणारा एक क्रमांक. स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. या अर्जाला सरकारी शुल्क नाही. महा-ई-सेवा केंद्रात भरून घेतला तर भरण्याची मजुरी द्यावी लागेल, पण ‘सरकारी फी’ म्हणून कुणी शेकडो रुपये मागत असेल तर पावती मागा.

अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. मोबाइल हरवतो, वही राहते. मग तपासणी. महाबळेश्वर तालुक्यातल्या लोकांना बहुतेक वेळा साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात जावं लागतं. केळघरचा घाट उतरून मेढ्यावरून जा किंवा पाचगणी-वाईवरून, दिवस मोडतोच. तापोळ्याच्या पलीकडच्या गावांना तर आधी लाँच, मग गाडी. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. आपल्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कोणते जुने कागद लागतात, आधी कुठली तपासणी करून आणायची आहे का, हे विचारून घ्या. हाडाचे डॉक्टर बसतात त्या दिवशी कानाचा रुग्ण घेऊन गेलं तर दोघांची मजुरी आणि भाडं वाया जातं.

२०२४ च्या दुरुस्तीनंतर नियमात असं आहे की अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत प्रमाणपत्र द्यायचं. अर्ज करून आपणच दोन वर्षं तपासणीला गेलो नाही तर तो अर्ज बंद होतो. कार्डाचे रंग तीन आहेत. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. पांढरं कार्ड मिळालं म्हणजे ‘कार्ड आहे, आता पगार मिळणार’ असं धरून चालू नका. बहुतेक लाभ ४० पासून सुरू होतात.

हातात प्रमाणपत्र आलं की तीन गोष्टी तिथेच पाहा. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का? टक्के आकड्यात आणि अक्षरात सारखे आहेत का? आणि ‘कायम’ लिहिलंय की ‘तात्पुरतं’? तात्पुरतं असेल तर मुदत किती तारखेला संपते ते घरातल्या कॅलेंडरवर लिहा. मुदत संपली की लाभ अडकतो आणि मग धावपळ होते.

टक्के चुकीचे वाटले किंवा प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा. कायद्याच्या कलम ५९ मध्ये अपिलाचा हक्क आहे. भांडू नका, अपील करा, आणि वेळ न घालवता करा. मिळालेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. मुंबईला किंवा कर्नाटकात कामाला गेलं तरी नवं काढायची गरज नाही.

उत्पन्नाचा दाखला : खरी अडचण

आता अवघड भाग. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. घरात एक माणूस हंगामात रोज मजुरीला गेला तरी कागदावर हा आकडा ओलांडतो. महाबळेश्वरात काम हंगामाचं असतं. दिवाळी, नाताळ, उन्हाळ्याची सुट्टी. पावसाळ्यात हॉटेलं ओस, रानात काम नाही. पण दाखला देताना हंगामातली मजुरी बाराने गुणली की माणूस अपात्र होतो.

अशा वेळी खोटं सांगू नका, पूर्ण सांगा. तलाठी भाऊसाहेबांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जबाब देताना वर्षातले किती महिने काम असतं, किती महिने नसतं, हे स्पष्ट सांगा आणि जबाबात तसं लिहिलं गेलं का ते वाचून, किंवा शिकलेल्या पोरीकडून वाचून घेऊन, मगच सही-अंगठा करा. उत्पन्नाचा दाखला ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठराविक मुदतीत देण्याची सेवा आहे. ती मुदत कार्यालयाच्या फलकावर लिहिलेली असते. अर्जाची पोच घ्या आणि मुदत मोजा.

खरं सांगून उत्पन्न मर्यादेच्या वर जात असेल तर मात्र लाभ मिळणार नाही. तिथे चूक अर्जदाराची नाही, मर्यादा आजच्या महागाईत अपुरी आहे. ती वाढवून घेणं हे संघटनेचं काम आहे. एकट्या आक्काने खोटा दाखला काढून ते होणार नाही.

अर्जासोबत काय जोडायचं?

आधार कार्ड, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, बँक पासबुक आणि फोटो. पैसे आता थेट खात्यावर येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं असल्याची बँकेत खात्री करा. वास्तव्याच्या पुराव्यात कामासाठी मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेले लोक अडकतात. शाळेचा दाखला, जुनं मतदान ओळखपत्र, जुनं रेशन कार्ड जपून ठेवा.

या योजनेला जातीचा दाखला लागत नाही. ‘बौद्ध लिहिलं तर अडेल का’ असं एका ताईंनी हळूच विचारलं. अजिबात नाही. ही मदत दिव्यांगत्वावर आणि उत्पन्नावर आहे, जात-धर्मावर नाही. धर्म विचारला तर ताठ मानेने बौद्ध लिहा.

अर्ज तहसील कार्यालयात गेला की तालुका समितीपुढे जातो. मंजूर झाला की पत्र मिळतं. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. आणि एकदा चालू झालेला लाभ वर्षातून एकदा हयातीचा दाखला न दिल्याने बंद पडतो, हे विसरू नका. अंथरुणावर असलेल्या माणसाचा ‘पगार’ असाच बंद पडतो आणि घरच्यांना वाटतं सरकारने योजनाच बंद केली.

पगाराशिवाय आणखी काय?

दिव्यांगांसाठी एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. ६ ते १८ वर्षांच्या ४० टक्क्यांवरील दिव्यांग मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

एक हक्क फार कमी लोक मागतात. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांनी आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. महाबळेश्वर आणि पाचगणी या गिरिस्थान नगरपरिषदा आहेत. पर्यटकांच्या गर्दीवर चालणारी ही गावं आहेत. तुमचं नाव तिथल्या दिव्यांगांच्या यादीत आहे का, हे जाऊन विचारा. गावात राहत असाल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा, ‘गेल्या वर्षी पाच टक्के निधी कशावर खर्च झाला?’ हा प्रश्न विचारायला कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही.

खात्रीचा सल्ला कुठे मिळेल?

पहिली जागा, तहसील कार्यालयातली संजय गांधी योजना शाखा. पण तोंडी विचारून परत येऊ नका. ‘मी पात्र आहे की नाही’ असं विचारण्यापेक्षा अर्जच द्या, आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. तोंडी ‘नाही’ला अपील नसतं, लेखी ‘नाही’ला असतं. आक्कांचं सगळं नुकसान या एका गोष्टीत आहे. त्यांनी अर्ज केलाच नव्हता, म्हणून तो नामंजूरही झाला नव्हता.

दुसरी जागा, विधी सेवा. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील आणि सल्ला मिळतो. आपल्या दिव्यांग भगिनी तर तिन्ही कारणांनी पात्र आहेत. देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे.

तिसरी, पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. दिव्यांगांच्या हक्काबद्दलची तक्रार तिथे लेखी करता येते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच आहे.

चौथी, माहितीचा अधिकार. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ हा साधा प्रश्न १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते १० रुपयेही लागत नाहीत.

आणि सल्ला कुणीही दिला, अगदी आम्ही दिला तरी, चार प्रश्न विचारा. हा नियम कोणत्या योजनेचा? कोणत्या शासन निर्णयात आहे आणि त्याची तारीख काय? त्यानंतर बदल झाला का? आणि हे तुम्ही लिहून द्याल का? शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत असतात, प्रत्येकावर तारीख आणि क्रमांक असतो. वस्तीतली बारावी झालेली कुठलीही मुलगी तो काढून वाचून दाखवू शकते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘नवीन योजना, आजच अर्ज करा’ अशा संदेशावर क्रमांक-तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका.

ही भीक नाही

आक्कांच्या मनात संकोच होता. ‘आपलं नशीब, सरकारकडं काय मागायचं?’ असं त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना संविधानाचा ४१ वा अनुच्छेद वाचून दाखवला. बेकारी, म्हातारपण, आजार आणि दिव्यांगत्व यांत राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे लोकांना सहाय्य द्यावं, असं तिथे लिहिलं आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घडवलेल्या संविधानातलं हे कलम आहे. देवाच्या दारातलं दान आणि संविधानातलं सहाय्य यांत फरक आहे. दान घेताना मान खाली जाते. सहाय्याला अर्ज, पोच आणि अपील असतं.

साताऱ्याला प्रमाणपत्रासाठी जाल तेव्हा वेळ काढून प्रतापसिंह हायस्कूल बाहेरून तरी पाहून या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याच शाळेच्या रजिस्टरात छोट्या भिवाचं नाव लिहिलं गेलं. रजिस्टरातली ती एक ओळ आज सगळं राज्य विद्यार्थी दिवस म्हणून साजरी करतं. सुभेदार रामजींनी पोराचं नाव कागदावर चढवलं, म्हणून पुढचं सगळं झालं. नाव कागदावर चढलं पाहिजे, हे त्या घराला कळलं होतं.

विहारात काय करता येईल?

महाबळेश्वरच्या त्या विहारात वर्षावासाच्या उरलेल्या रविवारी वाचनानंतर अर्धा तास ‘कागदांचा’ ठेवायचं ठरलं. महिला मंडळाने एक वही केली. घर, माणसाचं वय, दिव्यांगत्व, टक्के, प्रमाणपत्राची मुदत, अर्जाची तारीख, आवक क्रमांक, असे तिचे रकाने. कॉलेजला जाणारी दोन मुलं मोबाइलवर अर्ज भरायला बसली. साताऱ्याला एकेकट्याने न जाता एकाच प्रकारचे रुग्ण एका दिवशी, सोबत एक शिकलेलं माणूस, असं ठरलं. याला ना देणगी लागली, ना पाहुणा. तुमच्या वस्तीत हे होणार नाही असं काही कारण आम्हाला दिसत नाही.

आक्कांचा अर्ज आश्विन पौर्णिमेच्या आधी गेला. हा मजकूर छापायला जाईपर्यंत समितीची बैठक झालेली नव्हती. म्हणून ‘पगार’ सुरू झाला असं आम्ही लिहीत नाही. पण या वेळी त्यांच्या पिशवीत प्रमाणपत्राच्या जोडीला शिक्क्याची पोच आहे. उत्तर ‘हो’ आलं तर चांगलंच. ‘नाही’ आलं तर ते लेखी येईल, आणि पुढे कुठे जायचं ते आक्कांना माहीत आहे.

आज घरी गेल्यावर आपल्या घरातली ती पिशवी उघडून बघा.

जय भीम. नमो बुद्धाय.